घर, पेशा आणि समाज : बद्रुद्दिन तय्यबजी यांचे जीवन



सामाजिक कामासाठी मदत मागायला कोणी आले की आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: वेळ नाही. ते खोटेही नसते. तारापूरच्या कारखान्यात पाळी करून सरावलीला परतलेल्या माणसाला विश्रांती हवी असते, मुलांनाही बाप हवा असतो. उलट समाजासाठी रात्रंदिवस धावणाऱ्या काहींच्या घरी मुलांच्या अभ्यासाकडे पाहायला कोणी नसते. या दोन टोकांच्या मधली वाट ज्यांनी चालून दाखवली, त्या मरहूम जस्टिस बद्रुद्दिन तय्यबजी यांची ओळख आपण करून घेऊ या.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली हे व्यापारी. इंग्रजी शिक्षणाकडे मुस्लिम समाज संशयाने पाहत असे, त्या काळात या पित्याने आपल्या साती मुलांना शिक्षणासाठी युरोपात पाठवले. बद्रुद्दिन आधी मदरशात उर्दू व फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन संस्थेत गेले. १८६० साली ते लंडनला पोहोचले. डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना फार सतावले. त्यापायी १८६४ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. पण त्यांनी धीर सोडला नाही. प्रकृती सुधारताच ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच परत आले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. समाजसेवेच्या ओढीने त्यांनी शिक्षण सोडले नाही. आधी स्वतःचा पाया पक्का केला, पेशात नाव मिळवले. त्या नावाचे वजन पुढे समाजाच्या कामी आले.

१८७४ साली बंधू कमरुद्दिन व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली. १८८० मध्ये शाळा सुरू झाली. बोरीबंदर स्टेशनासमोर आजही उभी असलेली अंजुमनची भव्य इमारत १८९३ साली खुली झाली. वकिली जोरात चालू होती, तरी स्थापनेपासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, या संस्थेशी त्यांचे नाते तुटले नाही. एका दिवसाच्या उत्साहाने शाळा चालत नाही. थोडा थोडा, पण न चुकता दिलेला वेळ तिला उभी ठेवतो.

इतरही जबाबदाऱ्या होत्या. १८७३ पासून ते मुंबई महापालिकेत होते आणि १८७५ ते १९०५ विद्यापीठाच्या सिनेटवर. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. या कामी सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या थोर पुरुषाचा विरोधही पत्करला. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन दिला तो त्यांनीच.

मग घर? तेही सुटले नाही. १८८२ मध्ये मिळालेले कायदे कौन्सिलचे सभासदत्व त्यांनी १८८६ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव सोडले. मानाचे पद सोडायलाही मन मोठे लागते. तय्यबजी घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या असत. घरातील मंडळी त्यांत रोजच्या घडामोडी, सहली, विचार लिहून ठेवीत. घरात एकमेकांसाठी वेळ होता, याची ती खूण आहे.

मुलींच्या शिक्षणाविषयी ते नुसते बोलले नाहीत. आपल्या सर्व मुलींना त्यांनी मुंबईत शिकवले आणि १९०४ साली दोघींना इंग्लंडच्या शाळेत धाडले. समाजाकडून जे मागायचे ते आधी आपल्या उंबऱ्याच्या आत करायचे, हा त्यांचा दंडक. म्हणूनच घराला दिलेला वेळ हीसुद्धा समाजाचीच सेवा ठरली.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, आपण सारे बॅरिस्टर नाही. पण आठवड्यातला एक तास तर आपल्या हाती आहे? तो ठरवून द्या: पालक-सभेला या, शेजारच्या मुलाला गणित समजावा, एखाद्या मुलीचे दहावीनंतरचे शिक्षण थांबत असेल तर तिच्या घरी जाऊन बोला. उरलेला वेळ कामाला, विश्रांतीला आणि लेकरांना निःसंकोच द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आधी आपला अभ्यास करा. मग धाकट्या भावंडांना आणि शेजारच्या मुलांना घेऊन बसा.

तेवढा एक तास आपण प्रत्येकाने न चुकता पाळला, तर बद्रुद्दिन साहेबांचे स्मरण आपण खऱ्या अर्थाने केले असे होईल.