रमाईंचं प्रेम आणि आपला रोझ डे

७ फेब्रुवारीला भिवंडीतल्या आपल्या वस्त्यांमध्ये रमाईंची जयंती असते आणि त्याच दिवशी पोरापोरींच्या मोबाईलवर रोझ डेचे स्टेटस असतात. आम्हाला त्यात वावगं काही दिसत नाही. पण प्रेमात असणं आणि प्रेम करणं यात फरक काय, असं तरुण विचारतात तेव्हा आम्ही रमाईंचं आयुष्य सांगतो.

रमाईंचा जन्म १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईवडील लवकर गेले आणि भावंडं मुंबईला नातेवाइकांकडे आली. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत भीमरावांशी लग्न लागलं. रमाई आठ-नऊ वर्षांच्या, भीमराव पंधराच्या आसपास. प्रेमात पडायचं ते वयच नव्हतं. कायद्याने आज असं लग्न गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे.

प्रेम पुढे घडत गेलं. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले, ते १९१७ ला परतले. १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, ते १९२३ ला आले. या वर्षांत परळच्या चाळीत रमाईंनी तुटपुंज्या पैशांत घर चालवलं. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा दोघंही कोलमडले. ओढ वाटण्याचे दिवस थोडे आणि साथ देण्याचे दिवस फार, असा हा संसार होता.

दोघांचं सगळं पटायचं असंही नाही. रमाईंना पंढरपूरला जायचं होतं. आपल्या माणसांना देवळाबाहेर उभं करणाऱ्या विठ्ठलाकडे जायला बाबासाहेबांनी नकार दिला. मतभेद झाला, साथ सुटली नाही.

२७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि कोणी मित्र नसलेल्या हलाखीच्या दिवसांत तिने शांतपणे दिलेली साथ त्यांनी तिथे नोंदवली. तिचं ऋण त्यांनी जगासमोर मान्य केलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वस्तीत सुनेला सांगितलं जातं, रमाईंसारखं सोस. नवरा कमवत नाही, हात उगारतो, तरी सोस. हा रमाईंचा अपमान आहे. बाबासाहेब घर सोडून गेले ते शिकायला, समाजासाठी. व्यसनापायी संसार उधळणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी सांगू नये. त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत मुलींना सांगितलं की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. पुढे हिंदू कोड बिल अडवलं गेलं, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या राजीनाम्याचं हे एक मोठं कारण होतं.

म्हणून तरुणांना आमचं सांगणं एवढंच आहे. प्रेमात असताना आपल्याला काय वाटतं तेच मोठं असतं. प्रेम करताना समोरच्याचं शिक्षण, झोप, आजारपण, स्वप्न हेही आपलं होतं. आणि हे दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. यंत्रमागावर बारा तास उभं राहून आलेल्या नवऱ्याला ताट मिळावं आणि दिवसभर शिवणकाम करून थकलेल्या बायकोलाही कुणी पाणी द्यावं. गुलाब जरूर द्या. पण तिची परीक्षा असेल त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हेही ठरवा.

जयभीम.