नाव कधी सोडायची?

पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडू नये, असे तथागतांनी भिक्खूंना समजावले. बाबासाहेब धम्मदीक्षेच्या कितीतरी आधीपासून तसे वागत होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. तरीही मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्राने कळवले की आता हा मार्ग नको. मूर्तिपूजा त्यांना कधीच नको होती. दबलेल्या समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी एवढ्यासाठी तो लढा होता, आणि ती झाली होती. हरले म्हणून सोडले, असे म्हणणाऱ्यांनी ते पत्र वाचलेले नसते.

आमच्या वडखळहून अलिबागला जाताना पोयनाडजवळ चरी आहे. १९३३ पासून तेथील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसणे बंद केले. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी राहिले. १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ मध्ये या पक्षाची जागा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली, पुढे तेही विसर्जित करायचे ठरवले. पाटीला ते चिकटले नाहीत. आपण मात्र एकाच पाटीचे गट मोजत बसलो आहोत.

मग आरक्षणही सोडा, असे कोर्टात वकील मित्र ऐकवतात. गटारात उतरून आजही आपलीच माणसे मरतात, तीर कुठे आला? शिवाय घटनेतली मूळ दहा वर्षांची मुदत ३३४ व्या कलमात आहे, ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांपुरती. नोकऱ्यांच्या १६(४) कलमात कसलीही मुदत नाही.