माशातील कृमीचा माग काढणारे मॅक्स ब्राउन

बाल्टिक परिसरातील लोकांच्या आतड्यात वाढणारा, दहा मीटरपर्यंत लांब होणारा पट्टकृमी येतो कोठून, हे १८८० पर्यंत कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. रशियन साम्राज्यातील डॉर्पाट (आजच्या एस्टोनियातील टार्टू) विद्यापीठात शिकवणारे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स ब्राउन यांनी हा माग गोड्या पाण्यातील पाइक व बरबट या माशांपर्यंत नेला. माशांच्या मांसात पांढुरक्या अळ्या होत्या. त्या कुत्र्या-मांजरांना खाऊ घालताच पोटात पट्टकृमी वाढले. पण माणसाचे काय? १८८२ च्या सुमारास वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्या अळ्या गिळल्या आणि काही आठवड्यांत पुरावा हाती आला. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही.

ज्येष्ठ संशोधक फ्रीडरिख क्युखेनमाइस्टर यांना हे पटले नाही. दोष पाइकचा नसून सामनचा, असा त्यांचा आग्रह होता. वाद कडवट झाला. पुढील संशोधनाने कौल ब्राउन यांच्या बाजूने दिला.

ब्राउन पुढे रोस्टॉक व क्योनिग्जबर्ग येथे प्राध्यापक झाले. अळी माशात शिरते कशी, हे कोडे मात्र १९१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये यानित्स्की व रोझेन यांनी सोडवले. पाण्यातील कोपेपॉड हा सूक्ष्म कवचधारी जीव कृमीचा पहिला आश्रयदाता निघाला. तो उलगडा पाहायला ब्राउन हयात होते. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.