रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

आपल्या नाशिकच्या सभोवतालचे डोंगर पाहिले असता त्यांस जणू पायऱ्या खोदल्या आहेत असे वाटते. त्या कोणी खोदल्या? या महाराष्ट्रभूमीच्या पाषाणांस असे प्रश्न विचारणाऱ्या आद्य अभ्यासकांपैकी एकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते मिशनरी म्हणून नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. अध्यापनातून उरलेला वेळ ते आपले सहकारी रेव्ह. रॉबर्ट हंटर यांच्यासह भूस्तरांच्या निरीक्षणात घालवीत. नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शंख त्यांस सापडले. वस्तू लहान, पण साक्ष मोठी! अशाच पुराव्यांवरून पुढील शास्त्रज्ञांनी ठरविले की, सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे लाव्हारस एकदाच नव्हे, तर वारंवार वाहिला. मधल्या काळात त्यावर तळी साचली व त्यांत जीव नांदले.

पुढे ऊन, पाऊस व नद्या यांनी या थरांची झीज केली. मऊ थर लवकर झिजले, कठीण थर टिकले. डोंगरांच्या पायऱ्या त्या याच. झिजलेल्या खडकाची काळी माती झाली. मनुष्यानेही आपला हात चालविला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याने पांडवलेणी कोरली. पुढे खाणी खणल्या, आणि गंगापूर येथे धरण बांधून गोदावरीचा प्रवाह अडविला. निसर्गास जे करण्यास युगे लागतात, ते मनुष्य काही वर्षांत करतो. म्हणून त्याने विचारपूर्वक करावे हे बरे.

मानवाच्या अशाच प्राचीन खुणा, म्हणजे टाकळघाट येथील शिलावर्तुळे, पाहण्यास हिस्लॉप गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरी येथील मुक्कामास परत येताना, पावसाने फुगलेला ओढा ओलांडीत असता ते बुडून मरण पावले. ४६ वर्षे पुरी होण्यास अवघे चार दिवस उरले होते. १८८३ साली स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचे नाव धारण करून आहे.

विद्यार्थी मित्रहो, हिस्लॉप यांची प्रयोगशाळा म्हणजे पायांखालची जमीन होती. तीच आपल्याही पायांखाली आहे. पाहण्याची दृष्टी मात्र ज्याची त्याने मिळवावयाची असते.