रेशमाचे स्वप्न आणि उजाड झाडे

विद्यार्थी मित्रांनो, चंद्रावर एक विवर आहे. त्या विवराला ‘त्रुवेलो’ असे नाव दिले आहे. हे ज्या माणसाचे नाव आहे, तो मोठा गुणी माणूस होता. परंतु त्याच्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीची किंमत जंगलातील झाडे आजही मोजत आहेत. या माणसाची हकिकत तुम्ही लक्ष देऊन वाचा.

एत्येन लेओपोल्ड त्रुवेलो यांचा जन्म 1827 साली फ्रान्समध्ये झाला. 1851 साली लुई नेपोलियनने तेथील सत्ता बळकावली. त्रुवेलो लोकशाहीच्या बाजूचे होते. त्यांना देश सोडावा लागला. ते अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहराजवळच्या मेडफर्ड गावी राहू लागले. चित्रकला हा त्यांचा व्यवसाय होता. पण त्यांना कीटकांचाही फार नाद होता.

रेशीम कसे मिळते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तुतीची, म्हणजे शहतूतची पाने खाणारा किडा कोश विणतो आणि त्या कोशापासून रेशीम निघते. त्या काळी युरोपात रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता. म्हणून अमेरिकेतल्या रानटी किड्यांपासून रेशीम मिळवावे, असे त्रुवेलो यांना वाटले. 1860 साली त्यांनी ‘पॉलिफेमस’ नावाच्या पतंगाच्या अळ्या पाळण्यास सुरुवात केली. (पतंग म्हणजे उर्दू कवितेतला परवाना.) आपल्या विदर्भात ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. त्यांचा आणि पॉलिफेमसचा गट एकच आहे. आरंभी त्रुवेलो यांच्याजवळ केवळ दोन अळ्या होत्या. रात्रंदिवस मेहनत करून त्यांनी ही संख्या वाढवली. 1865 साली घरामागच्या सुमारे पाच एकर रानात, झुडपांवर जाळी पसरून, त्यांनी दहा लाख अळ्या वाढवल्या!

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1868-69 च्या सुमारास त्यांनी युरोपातून दुसऱ्याच एका पतंगाची अंडी आणली. या पतंगाला इंग्रजीत आज ‘स्पाँजी मॉथ’ म्हणतात, कारण त्याची अंडी स्पंजासारख्या पिवळसर लवेखाली असतात. त्यांतून निघालेल्या काही अळ्या बाहेर सुटल्या. त्या कशा सुटल्या, याविषयी वेगवेगळ्या हकिकती सांगतात. पण एक गोष्ट खरी, की त्रुवेलो यांनी ही गोष्ट लपवून ठेवली नाही. धोका ओळखून त्यांनी कीटकांच्या जाणकारांना तसे कळवले. मात्र कोणीच हालचाल केली नाही. इवल्याशा अळ्या काय नुकसान करणार, असेच सर्वांना वाटले असावे.

पुढे त्रुवेलो यांचे मन आकाशाकडे वळले. 1872 साली हार्वर्ड येथील वेधशाळेत त्यांना काम मिळाले. दुर्बिणीतून पाहून त्यांनी सूर्यावरील डाग, शनीची कडी, धूमकेतू यांची सुंदर चित्रे काढली. त्यांतील 15 चित्रांचा संच फार गाजला. 1882 साली ते फ्रान्सला परतले आणि म्यूदों येथील वेधशाळेत काम करू लागले.

इकडे मेडफर्डमध्ये अळ्या वर्षानुवर्षे वाढत होत्या. 1889 साली अचानक कहर झाला. रस्ते, भिंती, कुंपणे अळ्यांनी भरून गेली. लोक झाडूने अळ्या लोटू लागले. ऐन उन्हाळ्यात झाडे उघडी पडली. ओक, म्हणजे तुमच्या उर्दूतला शाहबलूत, हे त्या जंगलातले मुख्य झाड. त्याचीच पाने या अळ्यांना सर्वांत जास्त आवडतात.

पाने गेली म्हणून झाड का मरावे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. झाडाचे अन्न पानांतच तयार होते. अळ्यांनी पाने खाल्ली, की झाड साठवलेले अन्न खर्च करून नवी पाने फोडते. दोन-तीन वर्षे लागोपाठ असेच झाले, तर साठा संपतो. मग दुबळ्या झाडाला दुसरे किडे आणि बुरशी गाठतात आणि ते वाळते.

1890 साली राज्य सरकारने मोहीम सुरू केली. माणसे झाडावर चढून अंडी खरवडू लागली, औषधे फवारू लागली. दहा वर्षांत किडे बरेच कमी झाले. तेव्हा आता काम झाले असे समजून 1900 साली खर्च बंद करण्यात आला. ही दुसरी मोठी चूक ठरली. उरलेले किडे पुन्हा वाढले. या पतंगाच्या मादीला उडता येत नाही. पण ती एका वेळी पाचशे ते हजार अंडी घालते आणि लाकडांवर, गाड्यांवर चिकटलेली अंडी दूरदूर जातात. 1981 साली अमेरिकेत सुमारे 1 कोटी 29 लाख एकरांवरील झाडांची पाने या अळ्यांनी खाल्ली. 1989 नंतर एका बुरशीमुळे अळ्यांना थोडा आळा बसला, पण हा किडा तेथून गेला नाही.

त्रुवेलो 1895 साली वारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु एका देशातला किडा दुसऱ्या देशात गेला, की त्याला खाणारे शत्रू मागेच राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक आखाती देशांतून येत असतील. परदेशातून आणलेली रोपे व बिया विमानतळावर का तपासतात, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. आणखी एक गोष्ट विसरू नका. चूक झाली तर ती कबूल करावी; त्रुवेलो यांनी ती केली. पण कोणी वेळेवर सावध केले, तर ऐकणाऱ्यानेही उठून कामाला लागावे. मेडफर्डला कोणी उठले नाही. वीस वर्षांनी सारा गाव उठला, तेव्हा फार उशीर झाला होता.