मुलांचा कैवारी बेंजामिन वॉ

आईबाप लेकराला बेदम मारीत असतील, तर शेजाऱ्याने मध्ये पडावे काय? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात पुष्कळ लोक म्हणत, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. हा समज मोडण्यासाठी एका पाळकाने आपले आयुष्य वेचले.

बेंजामिन वॉ ह्यांचा जन्म १८३९ साली यॉर्कशायरमधील सेटल ह्या गावी झाला. वडील खोगिरे बनवीत. १८६६ पासून बेंजामिन लंडनच्या ग्रिनिच भागात मंडळीचे पाळक होते. तेथील गरीब वस्तीत उपाशी व मार खाल्लेली मुले त्यांना रोज दिसत. गुराढोरांना छळण्याविरुद्ध १८२२ सालीच कायदा झाला होता. मुलांसाठी मात्र तसा कायदा नव्हता.

१८८४ साली लॉर्ड शाफ्ट्सबरी, लेखिका हेस्बा स्ट्रेटन इत्यादींसह त्यांनी लंडनमध्ये बालसंरक्षण संस्था काढली. पण दयाळू माणसांना दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार नव्हता. आणि पोलिसांना घरात काय चालले आहे हे कळत नव्हते. म्हणून दोघांनी हातात हात घालणे अवश्य होते, हे वॉ ह्यांनी ओळखले. पाच वर्षे त्यांनी पुरावे गोळा केले आणि पार्लमेंटच्या सभासदांची मने वळवली.

अखेर १८८९ साली कायदा झाला. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने घरात शिरून मुलाची सुटका करता येऊ लागली. अशा खटल्यात पत्नीला पतीविरुद्ध साक्ष देता येऊ लागली. त्याच वर्षी संस्था राष्ट्रीय झाली व वॉ तिचे संचालक झाले. शेजारी खबर देत, संस्थेचे निरीक्षक घरी जाऊन चौकशी करीत. बहुतेक आईबापांना ताकीद देऊन पुढे लक्ष ठेवले जाई. जे ऐकत नसत, त्यांनाच कोर्टात नेत.

काम सोपे नव्हते. पैशाच्या व्यवहाराविषयी आरोप झाले; १८९७ च्या चौकशीत वॉ निर्दोष ठरले. १९०४ च्या कायद्याने निरीक्षकांचे अधिकार वाढवले. पुढच्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने वॉ निवृत्त झाले व ११ मार्च १९०८ रोजी निधन पावले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गातील एखादे मूल वळ झाकीत असेल, हाक मारताच दचकत असेल. त्याला जवळ घ्या, प्रार्थना करा. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्यांच्या हाती कायद्याचा अधिकार आहे, त्यांच्या कानावर ती गोष्ट घाला. वॉ ह्यांच्या काळीही सुटकेची सुरुवात कोणीतरी तोंड उघडल्यावरच होत असे.