आकाशाची नोंदवही : कॅरोलिन हर्शेल

हर्शेल हे आडनाव उच्चारले की युरेनस ग्रहाचा शोध लावणारा विल्यम हर्शेल आपल्याला आठवतो. पाठ्यपुस्तकांत त्याचेच नाव असते, आणि ते असायलाच हवे. परंतु त्याच्या दुर्बिणीजवळ, दिव्याच्या मंद उजेडात, वर्षानुवर्षे रात्री जागून जी स्त्री टिपणे घेत होती, तिचा परिचय बहुधा विल्यमची बहीण एवढ्या दोन शब्दांत आटोपला जातो. हा परिचय अपुरा राहण्यास काळ कारणीभूत आहेच; पण स्वतःला सतत कमी लेखणारी कॅरोलिनही काही अंशी कारणीभूत आहे, असे तिचे चरित्र वाचताना मला नेहमी वाटत आले आहे.

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५० रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. वडील आयझॅक हर्शेल लष्करी वाद्यवृंदात वादक होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच. तरी संगीत आणि आकाशदर्शन या दोन्हींची त्यांना मनापासून ओढ होती. आईचा स्वभाव निराळा. मुलगे शिकले म्हणूनच घर सोडून दूर गेले, अशी तिची पक्की समजूत होती, आणि मुलीच्या बाबतीत तसे घडू द्यायचे नाही असा तिचा निर्धार होता. त्यामुळे कॅरोलिनच्या वाट्याला लिहिण्यावाचण्यापुरती शाळा आली. पुढे सारा वेळ विणकाम, शिवण आणि घरकाम. आई घरात नसेल तेव्हा वडील तिला व्हायोलिनचे धडे देत. एका थंडीच्या रात्री त्यांनी तिला रस्त्यावर नेऊन तारकासमूह ओळखायला शिकवले. १७६४ सालचे सूर्यग्रहण त्या कुटुंबाने पाण्याने भरलेल्या टबात पाहिले. परातीतल्या पाण्यात ग्रहण पाहणाऱ्या आपल्या आजीपणजींना ही युक्ती मुळीच परकी वाटली नसती!

दहा वर्षांची असताना तिला विषमज्वरासारख्या तापाने गाठले आणि तिची वाढ खुंटली. पुढे आयुष्यभर तिची उंची जेमतेम सव्वाचार फूट राहिली. हिला रूप नाही, पैसा नाही, तेव्हा हिचे लग्न जमणे कठीण, असे वडिलांनीच तिला सांगून टाकले होते. १७६७ साली ते वारले. सतरा वर्षांच्या त्या मुलीपुढे आता स्वतःच्याच घरात बिनपगारी मोलकरीण होऊन राहण्याखेरीज दुसरी वाट दिसत नव्हती.

ती वाट विल्यमने काढली. तो इंग्लंडमधील बाथ या गावी संगीतशिक्षक आणि चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून नावारूपाला आला होता. बहिणीला गाणे शिकवून आपल्या कार्यक्रमांत उभी करावी, असे त्याच्या मनात आले. आई तयार होईना. अखेर कॅरोलिनच्या जागी नोकर ठेवता यावा म्हणून विल्यमने आईला वर्षासन बांधून दिले, तेव्हा कुठे १७७२ च्या ऑगस्टमध्ये तिची सुटका झाली. मुलीच्या मुक्ततेची किंमत एका मोलकरणीच्या पगाराएवढी ठरली, हे वाचून मन विषण्ण होते.

इंग्लंडला पोचली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि इंग्रजी भाषा तिला येत नव्हती. उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, हा अनुभव आपल्या शाळेतील मुलामुलींना वेगळा सांगायला नको. सकाळी न्याहारीच्या वेळी भाऊ तिला इंग्रजी आणि गणित शिकवी, दिवसभर गायनाचा अभ्यास चाले. पाढे मात्र तिला कधीच पाठ झाले नाहीत आणि त्यांचा कागद ती जवळ बाळगीत असे, असे सांगतात. गाण्यात तिने एवढी प्रगती केली की हॅन्डेलच्या संगीतरचनांत ती प्रमुख गायिका म्हणून गाऊ लागली. बर्मिंगहॅमहून स्वतंत्र बोलावणे आले. भावाच्या दिग्दर्शनाखालीच गाईन म्हणून तिने ते नाकारले.

याच सुमारास विल्यमला दुर्बिणींचे वेड लागले आणि घराचा कारखाना झाला. दुर्बिणीचे धातूचे आरसे ओतण्यासाठी लागणारे साचे घोड्याच्या लिदीच्या मिश्रणाचे करीत. ती लीद खलात कुटून चाळणीने चाळण्याचे काम कॅरोलिनकडे असे. आरशाला झिलई देताना तासन्‌तास हात काढता येत नसे. अशा वेळी ती भावाला घास भरवी आणि गोष्टी वाचून दाखवी. १३ मार्च १७८१ रोजी विल्यमला युरेनस सापडला. पुढल्या वर्षी राजा तिसरा जॉर्ज याने त्याला सालीना २०० पौंड देऊन आपला ज्योतिषी नेमले. भावंडांनी बाथ सोडले आणि कॅरोलिनचे गाणे सुटले. मनाजोगे जमू लागलेले एक काम तिने दुसऱ्याच्या ध्येयापायी खाली ठेवले. तिला याचे दुःख झाले होते, आणि तिने ते लपवलेही नाही.

नव्या जागी विल्यमने तिच्या हाती एक लहान दुर्बीण दिली आणि आकाश पट्ट्यापट्ट्याने धुंडाळायला सांगितले. १७८३ मध्येच तिला काही नवे तारकागुच्छ आणि तेजोमेघ दिसले. त्यांतील शिल्पागार तारकासमूहातला एक तेजोमेघ म्हणजे आपल्यापासून कोटीहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. पण स्वतःच्या दुर्बिणीला डोळा लावण्याची सवड तिला थोडीच मिळे. विल्यम वीस फुटी दुर्बिणीवर चढून जे दिसेल ते मोठ्याने सांगे. ती घड्याळ पाहून वेळ आणि स्थान टिपून घेई. कडाक्याच्या थंडीत दौतीतली शाई गोठे. सकाळ झाली की रात्रीच्या टिपणांचे गणित करून स्वच्छ प्रत तयार करायची. १७८६ पासून १८०२ पर्यंत विल्यमने तीन सूच्यांमधून २५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ जगापुढे मांडले, त्यामागे ही मेहनत आहे.

१७८३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री बर्फ वितळून निसरडे झालेल्या जमिनीवरून धावताना ती पडली आणि दुर्बिणीच्या यंत्रणेतील लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. तिला सोडवताना मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. या प्रसंगाची आठवण लिहिताना तिने समाधान मानले ते एवढ्याचे, की नंतर आभाळ भरून आल्यामुळे भावाच्या वेधांचे काही नुकसान झाले नाही. सेवाभावाचा आदर्श म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला मात्र आपल्या मुलींना तो तसा सांगवत नाही.

१७८६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम जर्मनीला गेला होता. १ तारखेच्या रात्री कॅरोलिनला आकाशात एक अंधूक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री त्याने जागा बदललेली पाहून तिची खात्री पटली आणि तिने लगेच रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना पत्र लिहिले. तो नवा धूमकेतू होता! ते तिचे एकटीचे यश होते. १७९७ पर्यंत असे आठ धूमकेतू तिने टिपले. त्यांपैकी १७९५ चा एक आज एन्के या नावाने ओळखला जातो; तो सुमारे सव्वातीन वर्षांत सूर्याभोवती फेरी पुरी करतो. आठवा दिसला तेव्हा पत्रावर न विसंबता, तासाभराची झोप घेऊन ती घोड्यावरून थेट ग्रिनिचला राजज्योतिषी मॅस्केलिन यांच्याकडे गेली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

१७८७ साली राजाने भावाची साहाय्यक म्हणून तिला वर्षाला ५० पौंड वेतन सुरू केले. शास्त्रीय कामासाठी पगार मिळण्याचे भाग्य तोवर क्वचितच एखाद्या स्त्रीला लाभले असेल. सदतिसाव्या वर्षी तिच्या हातात प्रथमच असा पैसा आला, की जो कसा खर्चावा हे तिने कुणाला विचारायला नको होते. पुढल्याच वर्षी विल्यमने लग्न केले. घराच्या किल्ल्या वहिनीकडे गेल्या आणि कॅरोलिन भाड्याच्या खोलीत राहून रोज कामाला येऊ लागली. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या दैनंदिन्या तिने पुढे स्वतःच्या हाताने नष्ट केल्या. पुढे नणंद-भावजयींत चांगला जिव्हाळा निर्माण झाला.

१७९८ मध्ये रॉयल सोसायटीने तिचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. फ्लॅमस्टीड या जुन्या ज्योतिर्विदाची तारकासूची आणि त्याचे मूळ वेध यांत तफावत होती. ते सारे वेध एकेक करून तपासून, चुका दुरुस्त करून, सूचीत यायचे राहिलेले ५०० हून अधिक तारे तिने उजेडात आणले. असल्या कामाला प्रसिद्धी कमी मिळते. पण त्यावाचून पुढच्या माणसाचे पाऊल चुकते.

१८२२ मध्ये विल्यम वारला आणि शोकाच्या भरात ती कायमची हॅनोव्हरला परतली. या निर्णयाचा तिला पुढे पश्चात्तापच झाला. आजूबाजूच्या छपरांआड तिचे आकाश झाकले गेले होते. तरी सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धेने ते २५०० तेजोमेघ आकाशाच्या पट्ट्यांप्रमाणे नव्याने लावून पुतण्या जॉनसाठी सूची तयार केली. तीच हाताशी घेऊन जॉनने ते पुन्हा पाहिले. त्याच्या कामावर ड्रायरने १८८८ ची नवी सूची रचली. आज छायाचित्रांखाली एनजीसी आणि पुढे आकडा छापतात, तो या सूचीतला क्रमांक असतो.

१८२८ मध्ये लंडनच्या खगोलशास्त्रीय संस्थेने तिला सुवर्णपदक दिले. त्यानंतर ते दुसऱ्या स्त्रीला मिळाले १९९६ मध्ये, व्हेरा रुबिन यांना. १८३५ साली मेरी सॉमरव्हिल यांच्यासह तिला त्या संस्थेचे सन्माननीय सदस्यत्वही मिळाले. तिला मात्र हा गौरव संकोचाचा वाटे. आपण भावाच्या हातातले एक साधन होतो, हे म्हणणे तिने अखेरपर्यंत सोडले नाही.

९ जानेवारी १८४८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, हॅनोव्हरमध्ये तिचे निधन झाले. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत विल्यमच्या केसांची एक बट ठेवण्यात आली, आणि तिच्याबरोबर वडिलांच्या वापरातले, अक्षरे पुसट झालेले एक जुने पंचांग.